दोन गुण वजा

सोमवार. कोकंदचं संग्रहालय बंद.
दारावरच्या निळ्या फरशांवर ऊन,
पायरीवर पहारेकरी टरबूज कापत बसलेला.
त्यानं एक फोड दिली मला,
आणि सुरीनंच दाखवलं: उद्या.
उद्या माझी गाडी होती.

एकतीस वर्षं चित्रकला शिकवली मी.
इंटरमीजिएटची संकल्पचित्रं तपासली गठ्ठ्यांनी,
सतरंजीवर मांडी घालून, कानावर लाल पेन्सिल:
मध्य सरकलाय, दोन गुण वजा.
सहावी पाकळी जाड, एक गुण वजा.
फंडाच्या पैशातून इतक्या लांब आलो
ते पुस्तकातल्या घुमटांची एकदा खातरजमा करायला,
आणि घुमटांना साप्ताहिक सुट्टी.

मग वासामागून गेलो.
गल्लीच्या टोकाला तंदूर, आणि एक बाई,
कोपरापर्यंत गोधडीची बाही चढवलेली.
ओयदिन तिचं नाव, ते नंतर कळलं.
गोळा थापते, कडा जाड ठेवते,
मध्ये बोटांनी खळगा दाबते,
आणि उचलते लाकडी मुठीचा ठसा,
चेकिच म्हणतात त्याला,
खाली खिळेच खिळे, फुलाच्या आकारात रोवलेले.
टच्. टच्. टच्.
तीन ठोक्यांत एक बाग.
वर चिमूटभर तीळ,
आणि अख्खी बाग उताणी आगीच्या भिंतीला.

हे कशासाठी? मी खुणेनं विचारलं.
तिनं मुद्दाम एक नान
ठसा न मारता आत लावला.
तो फुगला. टम्म.
आमच्याकडे अशा भाकरीवर सुगरणीची परीक्षा पास होते.
ओयदिन पदरासारखा रुमाल तोंडावर धरून हसली
आणि तो पोराच्या हातात दिला:
हा विकायचा नाही, तू खा.

म्हणजे नक्षी हा लगाम.
वाफेला वाट म्हणून टोचलेली भोकं, बस, एवढंच काम.
मग सरळ रांगेत का नाहीत?
फूल कशाला?
हे विचारायला मात्र मला खूण सापडेना.
हवेत फूल काढलं, मग रेघ, मग पुन्हा फूल.
तिनं खांदे उडवले,
जसं काही विचारलं असावं,
चालताना हात का हलवतेस.

ठशाचा मध्य सरकलेला होता.
दिसलं मला. सवय.
पहाटे चारपासून दोनशे नान,
प्रत्येकाचा मध्य आपापल्या जागी सरकलेला,
आणि दुपारच्या चहापर्यंत
गावभर फाडून, बुडवून, चावून संपणार सगळे.
तपासायला गठ्ठा उरणारच नाही.
मी कान चाचपला. पेन्सिल नव्हती.

निघताना तिच्या सासऱ्यानं अडवलं,
इस्मतुल्ला, सायकलच्या तारा कापून
हे ठसे बनवणारा, बोटांवर जुने चट्टे.
गरम नान दोन्ही हातांनी पुढे धरला.
चाव, म्हणाला. एकदाच.
नातू दिलमुरोद, शाळेतल्या इंग्रजीत:
प्रवासाला जाणाऱ्यानं एक घास घ्यायचा,
बाकीचा टांगून ठेवायचा,
मग उरलेला संपवायला त्याला यावंच लागतं.
भिंतीवर आधीचे दोन होते, कडक, धुळकट.
एक थोरल्याचा, तो मॉस्कोत बांधकामावर.
दुसरा कुणाचा,
हे मी विचारलं नाही, कारण
ओयदिन त्याच्याकडे बघत नव्हती.

माझं एकही चित्र
कुणाच्या भिंतीवर गेलेलं नाही.
शाळेच्या कार्यालयातलं एक सोडून,
तेही नवं कपाट आल्यावर उतरवलं.
चार वर्षं झाली. गेलो नाही पुन्हा.
गुडघे, आणि आता पैसेही.
पण कोकंदला तिसऱ्या खिळ्यावर
तिळाच्या फुलाला पडलेली
माझ्या दातांची चंद्रकोर आहे.
वरचा डावा सुळा नाही मला.
तेवढ्या जागेत
तीळ तसेच राहिलेत.